११६ मिमीची स्की घेऊन डोंगर चढायचा? माझं मत: नाही

दांडियाबझारकर

रविवारी पावागड उतरताना कळलं की आपल्या गुलमर्गच्या कंपूतले चौघे यंदा रुंद पावडर स्की, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठीच्या, घेताहेत, आणि त्याच पायात घालून डोंगर चढणारही आहेत. मी गेल्या वर्षी हेच केलं, म्हणून पैसे भरायच्या आत लिहितोय.

माझी जोडी बुटाखाली ११६ मिमी रुंद, १८४ सेमी लांब, एकेक स्की २,०५० ग्रॅमची. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, दुसरं कारण नाही. जुनी जोडी ९८ मिमीची, १,४५० ग्रॅम. म्हणजे एका पायाला ६०० ग्रॅम जादा. श्रीखंडाच्या अर्धा किलोच्या डब्याहून थोडं जास्त, एवढंच ना? आता हिशोब करा. १,००० मीटर चढायचं, वाट दहा अंशांची धरली तर चाल पावणेसहा किलोमीटर. पाऊल ६० सेमीचं, म्हणजे ९,६०० पावलं. प्रत्येक पावलाला ६०० ग्रॅम. एकूण पावणेसहा टन श्रीखंड!

पण वजनाचं मी सोसलं असतं. खरी फजिती आडव्या चालीत झाली. गुलमर्गजवळच्या खिलनमर्गच्या वर, सकाळी आठ वाजता, रात्रभराच्या वाऱ्याने उतार पाटा-वरवंट्यातल्या पाट्यासारखा टणक झालेला. अशा ठिकाणी स्कीची फक्त डोंगराकडची कड बर्फात रुतते. ती कड बुटाच्या मध्यापासून ५८ मिमी लांब, जुन्या स्कीत ४९. नऊ मिलिमीटरने काय होतंय म्हणाल, तर घोट्याला विचारा. सगळं शरीर त्या कडेवरून दरीकडे कलायला बघतं आणि घोटा ते परत वर ओढत राहतो. गाईडने क्रॅम्पॉन, म्हणजे टणक बर्फात रुतायला स्कीखाली लावायचे दातेरी पत्रे, काढून दिले, ते ९८ च्या मापाचे, ११६ वर चढेचनात. पुढच्या वीस पावलांत मी पंधरा फूट घसरलो. थांबलो ते नशिबाने.

सेवउसळ_जादा_तर्री

काका, पडलात ते वाईटच झालं. पण पावणेसहा टनांत गोम आहे. स्किन, म्हणजे मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायचा पट्टा, लावलेली स्की उचलायचीच नसते, सरकवायची असते. टाच वर येते, स्की बर्फावरच राहते. तुम्ही पावागडच्या पायऱ्या चढल्यासारखे पाय टाकत असाल, तर ९८ चीही जडच लागणार.

आणि उताराचं तुम्ही अक्षरही लिहिलं नाहीत. माझं वजन ८८ किलो. दोन वर्षांपूर्वी भाड्याची ९२ मिमी घेऊन गुडघाभर ताज्या बर्फात उतरलो. दर वळणाला टोकं खाली, मी तोंडावर. पडण्याचं काही नाही हो, उठायचं कसं? काठी टेकवली की मुठीपर्यंत आत. एक स्की सापडली, दुसरी बर्फाखाली कुठे गेली ते चाचपत बसलो. तीन वेळा पडलो आणि पायातला जीव संपला. चार तासांच्या चढणीत दमलो नव्हतो तेवढा त्या वीस मिनिटांत दमलो. पुढच्या वर्षी ११२ घेतली, एकदाही पडलो नाही. आपण इथून, वडोदऱ्याहून, दीड हजार किलोमीटरहून जास्त जातो ते काय चढायला? चढायला पावागड आहे की!

दांडियाबझारकर

सरकवायची, मान्य. टनांचा आकडा मागे घेतो. पण किक टर्नला, म्हणजे चढावर दिशा बदलताना, स्की उचलूनच फिरवावी लागते, आणि चढ उभा झाला की दर तीस-चाळीस पावलांना एक किक टर्न. शिवाय ताज्या बर्फात वाट फोडणारा पुढे असतो त्याच्या स्कीच्या टोकावर बर्फाचा ढीग बसतो. टोक जेवढं रुंद तेवढा ढीग मोठा. गेल्या वर्षी वाट मीच फोडत होतो, तू मागून रुळलेल्या वाटेने आलास, हे लक्षात असू दे.

पायरी_मोजणारी

तुम्ही दोघं मिलिमीटर मोजताय, माणसाचं वजन कुणी विचारतच नाही. दुकानदारानेही मला विचारलं नव्हतं, सरळ ११० पुढे केली. मी ५२ किलोची. तरंगणं म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. ८८ किलोच्या दादाला ११२ वर जेवढं तरंगता येतं, त्याहून जास्त मला ९५ वर येतं. मग मी त्याच्या वजनाची स्की का ओढायची?

बुटाखालची रुंदी म्हणजे अख्खी स्की नव्हे, हेही आहेच. लांबी किती, पुढचं टोक किती रुंद, ते किती आधीपासून वर वळायला लागतं, यावर बरंच अवलंबून. तेच वर वळलेलं टोक चढताना मात्र नडतं. स्किनचा पुढचा भाग बर्फाला टेकतच नाही, उभ्या चढावर पकड कमी.

या रुंद स्कींचं मूळ काय, तेही बघा. २००२ मध्ये व्होलांट कंपनीने स्पॅटुला नावाची स्की काढली, बुटाखाली तब्बल १२५ मिमी. डोकं शेन मॅकॉन्की या स्कीपटूचं, प्रेरणा पाण्यावरच्या स्कीची. हेलिकॉप्टरने शिखरावर उतरून खाली यायचं, अशा माणसांची ती चैन. नऊ हजार पावलं चालायची कल्पना त्यात कुठेच नव्हती.

उत्तरायण_बारमाही

१०४ घ्या आणि जेवायला चला.

फिरकीवाला

मला एवढंच विचारायचंय, टूरिंग, म्हणजे स्कीवर स्वतः चढून उतरणं, ते नक्की कुठलं? आपल्यातले निम्मे जण गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याने सुमारे ३,९५० मीटरवर उतरतात, तिथून अर्धा-पाऊण तास अफरवट डोंगराच्या धारेने चालतात आणि मागच्या बाजूने उतरतात. एवढ्यासाठी रुंदच बरी. पाऊण तास कुणीही ओढेल. काकांसारखं गावातून पायी निघणारा दहात एखादाच.

दांडियाबझारकर

गोंडोलाने वर जाऊन टूरिंग केलं म्हणणं म्हणजे तिथल्या रोपवेत, उडनखटोल्यात, बसून पावागड चढलो म्हणण्यासारखं झालं.

आणि पावडर मिळेलच, हे कुणी सांगितलं? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग चक्क उघडंबोडकं होतं, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चवर गेले. त्यात तिथलं ऊन. दक्षिणेकडचा उतार दुपारी भिजतो, रात्री गोठतो, सकाळी काच. आठ दिवसांच्या सुट्टीत खरी पावडर दोन दिवस लागली तर नशीब. बाकी सहा दिवस ११६ घेऊन काचेवर नाचा.

सेवउसळ_जादा_तर्री

२०२४ चं अर्धंच सांगितलंत. जानेवारी कोरडा गेला, पण फेब्रुवारीत पडला की! खेळही त्याच महिन्यात तिथेच झाले. आणि त्या दोन दिवसांसाठीच तर मी वर्षभर रजा साठवतो. बाकीचे सहा दिवस गोठलेल्या उतारावर वाईट वळणं घेईन, चालेल मला.

पायरी_मोजणारी

पडला, आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गला हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू गेला, तेही त्याच वाक्यात लिही ना. कोरडा जानेवारी आणि मग एकदम भरपूर बर्फ, हीच तर भीतीची गोष्ट. थोडा बर्फ थंडीत बरेच दिवस तसाच पडून राहिला की त्याचे कण साखरेसारखे मोकळे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा जाड थर बसला की खालून आधारच नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असा थर एका माणसाच्या वजनानेही सुटतो. आणि तुला उतरायला मजा येते ते नेमके हेच उतार.

रुंद स्कीवर माझा खरा राग यासाठी आहे. पायात ११२ असली की असा उतार सोडून परत फिरायला मन होत नाही. एवढं ओझं वर आणलंय ना! वर, ग्रॅम वाचवायचे म्हणून गाडल्या गेलेल्याला उकरायचं फावडं हॉटेलवर ठेवून आलेला एक महाभाग आपल्यातच आहे. नाव घेत नाही, तर्री जादा घेतो.

सेवउसळ_जादा_तर्री

एकदाच ठेवलं होतं, ताई. आणि ते ९२ मिमीवाल्या वर्षी, रुंद स्कीच्या नव्हे.

पण परत फिरण्याचं म्हणालीस त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एकदा गाईड फिर म्हणाला तेव्हा मी दहा मिनिटं वाद घातला होता.

तरी चढायलाही मी ११२ च नेणार. ८८ किलोचं काय करू, ते सेवउसळीने होत नाही कमी. मात्र क्रॅम्पॉन आधी मापाचे घेईन, काकांचा तेवढा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

काका, ११६ विकताय का? तुम्हाला नकोच आहे तर भाव बोला.

दांडियाबझारकर

तुलाच देतो. पण नुसती स्की, स्किनशिवाय. मे महिन्यात त्या माळ्यावर राहिल्या, वर पत्रा. गोंद पातळ होऊन दोन्ही एकमेकींना अशा चिकटल्या की मी एका टोकाला आणि मुलगा दुसऱ्या टोकाला धरून ओढलं, तर गोंद निघून एकीवर गेला आणि दुसरी टक्कल. मध्ये जाळी घालून ठेवायची असते, हे मला जूनमध्ये कळलं.

पायरी_मोजणारी

माझ्या फ्रिजमध्ये असतात, भाजीच्या खणात. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, सुनेचे पट्टे आहेत, हात लावू नका.