मदत हवी आहे: काथ्याची स्फटिकता खरंच वाढली का?
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याकडे खाडीत कुजवलेल्या नारळाच्या सोडणांचा काथ्या ५ टक्के कॉस्टिक सोड्यात ठेवून एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) आणि एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभाग पाहणं) करून घेतलं. एसईएममध्ये सिलिकाच्या गाठी निघून तिथे छान खड्डे दिसतात, रेझिन (तंतूंना बांधणारी राळ) घट्ट धरेल असे.

अडलंय एक्सआरडीत. २२.६ अंशांचं शिखर धारदार झालं, १२ आणि २० अंशांवर, म्हणजे सोड्याने बदललेल्या सेल्युलोज-२ च्या जागी, काही नाही, म्हणजे सेल्युलोज-१ (तंतूतलं मूळ स्फटिकरूप) टिकलं. पण सेगल पद्धतीने (मुख्य शिखर आणि १८ अंशांवरचा अस्फटिक भाग यांच्या उंचीवरून) स्फटिकता निर्देशांक वाढला तो साखळ्या नीट रचल्या गेल्याने, की नुसतं हेमिसेल्युलोज-लिग्निन (तंतूतले अस्फटिक घटक) धुऊन गेल्याने? काथ्यात एवढं लिग्निन असताना १८ अंशांवरची उंची धरून हिशेब करणं मला पटत नाही. शिखरं वेगळी करून क्षेत्रफळ काढताना लिग्निनचा फुगवटा तुम्ही कुठे बसवता?

कच्च्या नमुन्यात ३१.७ अंशांवर बारीक शिखर आहे, ते खाडीचं मीठच ना?