वाचता येत नसलं तरी ऐकता येत होतंच की
वर कोणीतरी म्हटलंय की १८२१ मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झाल्यानंतरच्या मेक्सिकोत वाचता येणारेच थोडे, मग पेपरांचा राजकारणावर असा कितीसा परिणाम होणार. मला नाही पटत, कारण पत्रकं रस्त्यावर ओरडून विकली जायची, एकाने मोठ्याने वाचायचं नि बाकीच्यांनी ऐकायचं. धड पक्ष नव्हतेच, मेसनिक लॉज होते (फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या शाखा) आणि त्यांचे पेपर, स्कॉटिश पंथाच्या लॉजांचा 'एल सोल', यॉर्क पंथवाल्यांचा 'आगिला मेहिकाना', भांडणं सगळी तिथेच. आणि लेखक-पत्रकार लिसार्दीला विसरू नका हो! १८१२ मध्ये स्पेनच्या व्हाइसरॉयवर टीका केली म्हणून तुरुंग, स्वातंत्र्य मिळाल्यावर १८२२ मध्ये फ्रीमेसन लोकांची बाजू घेणारं पत्रक काढलं म्हणून चर्चने बहिष्कृत केलं, तरी १८२७ मध्ये क्षयाने जाईपर्यंत हा माणूस लिहीतच राहिला.