मदत हवी आहे: शेजाऱ्यांच्या धास्तीने प्रेपच्या गोळ्या बंद पडताहेत

आमच्या गटातल्या ट्रान्स स्त्रियांसोबत मी एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करते. प्रेप म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध. त्याची रोजची गोळी नेमाने घेतली तर लैंगिक संबंधातून लागण होण्याचा धोका साधारण 99 टक्क्यांनी घटतो, हे सगळ्यांना पटलंय. अडतंय ते शेजाराशी. एकीची बाटली शेजारणीने उचलून पाहिली, त्यावर एचआयव्ही वाचलं आणि दोन दिवसांत घरमालकाने खोली सोडायला सांगितलं. ही गोळी आजार नसलेल्यांनी घ्यायची असते, हे ऐकून घ्यायला कुणी थांबलंच नाही. तेव्हापासून आणखी तिघींनी गोळ्या सोडल्यात. फार जीव तुटतो.

साध्या डब्यांत गोळ्या भरून दिल्या, खुळखुळू नयेत म्हणून वर कापूस घातला. दर 3 महिन्यांच्या तपासणीला सोबत जातो. कंडोम देतोच, पण जोडीदार ऐकेलच असं नाही. फक्त संबंधांच्या वेळेपुरत्या गोळ्या हा पर्याय कृपया सुचवू नका. बहुतेकजणी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) घेतात, त्यांना रोजचीच गोळी सांगितली जाते. घरभेटी किंवा वस्तीत उघड कार्यक्रमही नको, त्याने ओळख फुटते.

कुणाचंही नाव पुढे न येऊ देता शेजारपाजारचा हा गैरसमज तुम्ही कसा दूर केलात? सुरुवात कुणापासून केलीत, घरमालकांपासून की शेजारच्या बायकांपासून?