मदत हवी आहे: चेक-इन बॅगेत घडीचा चाकू

नमस्कार मंडळी. बाबा पुढच्या आठवड्यात नागपूरहून दिल्लीमार्गे गुवाहाटीला जाताहेत, ओळखीच्यांच्या बागेत संत्र्याची कलमं करायला. जंबेरीच्या (एका जातीच्या लिंबाच्या) खुंटावर डोळे भरायचा, म्हणजे त्या रोपाच्या सालीत संत्र्याचा डोळा बसवायचा, त्यांचा घडीचा चाकू सोबत हवाच, दुसऱ्याने साल फाटते म्हणतात. पातं बोटाएवढं, मागे साल उचलायची पितळी जीभ. केबिन बॅगेत चालत नाही हे ठाऊक आहे, चेक-इनमध्येच टाकू. पण तो कशात गुंडाळावा, म्हणजे बॅग उघडून तपासणाऱ्याच्या हाताला लागणार नाही? सोनेगावला (नागपूर विमानतळावर) काउंटरवर आधी सांगावं लागतं का? दिल्लीत बॅग घेऊन पुन्हा टाकावी लागली तर? बाबा पहिल्यांदाच विमानाने जाताहेत, तेही एकटे, म्हणून जिवाला घोर आहे. कोणी नेलं असेल तर कृपया सांगा.