डायक्लोफेनॅकमुळे प्लेटवर जंतू थांबतात, मग तोंडातही थांबतील का?

प्रश्न : झोनमापक

एमएस्सीच्या प्रकल्पात स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स या दात किडवणाऱ्या जंतूवर डायक्लोफेनॅक या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकाची चाचणी चालू आहे. ५० मिग्रॅची गोळी कुटून मिथेनॉलमध्ये घोळवली, गाळली आणि चकतीवर १० मायक्रोलिटर टाकली. १३ मिमीचा झोन, म्हणजे चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, मिळाला. ब्रेन हार्ट इन्फ्युजन ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पातळ खाद्यात) १ टक्का साखर घालून हीच चाचणी केली, तर १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलाही नळी गढूळच राहते. दोन्ही निकाल एकमेकांशी का जुळत नाहीत? आणि सांधेदुखीसाठी महिनोन्महिने अशी वेदनाशामकं घेणाऱ्यांच्या तोंडातले जंतू कमी होतात, असं निष्कर्षात लिहिता येईल का?

उत्तर १ : ब्रॉथवाला

आधी गोळी बाजूला ठेवा. तिच्यात स्टार्च, मॅग्नेशियम स्टिअरेट, रंग आणि आतड्यात विरघळणारं कोटिंग असतं. गाळल्यावर औषध नेमकं किती उतरलं, हे कळायला मार्ग नाही. डायक्लोफेनॅक सोडियमची शुद्ध पावडर घ्या.

झोनमध्ये मिथेनॉलचाही वाटा असू शकतो. चकती पूर्ण वाळल्याशिवाय प्लेटवर ठेवू नका आणि नुसत्या मिथेनॉलची चकती शेजारी लावाच. शिवाय झोनचा व्यास औषध आगरमध्ये (प्लेटवरच्या घट्ट खाद्यात) किती पसरतं यावर ठरतो. त्यामुळे तुमचे १३ मिमी ॲम्पिसिलिनसारख्या प्रतिजैविकाच्या १३ मिमीशेजारी ठेवून तुलना करता येणार नाही.

ब्रॉथमधला गढूळपणा जास्त महत्त्वाचा आहे, कारण तो सगळा जंतूंचाच असेल असं नाही. म्युटन्स साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतो आणि पीएच ५ च्या खाली नेतो. डायक्लोफेनॅकचा पीकेए (ज्या पीएचला औषधाचे निम्मे रेणू विद्युतभार नसलेले असतात तो) ४ च्या आसपास. आम्लात त्याची विद्राव्यता झपाट्याने घसरते आणि औषधाचाच साका बसतो. जंतू अर्धवट दबलेले असले, तरी साक्यामुळे नळी गढूळ दिसणार. म्हणून डोळ्यांवर किंवा ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात गढूळपणा मोजणाऱ्या यंत्राच्या रीडिंगवर विसंबू नका.

असं करा : साखर नसलेला ब्रॉथ, १०२४ पासून २ मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंत निम्म्या-निम्म्याने उतरणारी सौम्यीकरणं, प्रत्येक मिलीत साधारण ५ लाख जंतू, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, २४ तास. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं तर शेवटी ते १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि तेवढंच डीएमएसओ नियंत्रण नळीतही घाला. जंतूंशिवाय फक्त औषध आणि ब्रॉथ अशी एक नळी हवीच. ती गढूळ झाली तर तो साका. मग प्रत्येक नळीतून १० मायक्रोलिटर आगरवर टाकून वसाहती मोजा. सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच लिहून ठेवा.

पुढे पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस हा हिरड्यांच्या रोगाचा जंतू घेणार असाल तर हेमिन (त्याला लागणारं लोहयुक्त खाद्य) ५ आणि व्हिटॅमिन के-१ १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ऑक्सिजनविरहित कक्ष आणि ४८ ते ७२ तास लागतील.

उत्तर २ : मात्रामापन

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : तसं लिहू नका. आकडेच आड येतात.

डायक्लोफेनॅक ५० मिग्रॅ घेतल्यावर रक्तद्रवात जास्तीत जास्त १.५ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिली औषध मिळतं. त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. जंतूपर्यंत पोचतं ते फक्त मोकळं औषध, म्हणजे ०.०२ मायक्रोग्रॅमच्याही खाली. तुम्ही नळीत घालताय १००. हे अंतर किमान पाच हजार पटींचं आहे. आयबुप्रोफेन या दुसऱ्या वेदनाशामकाच्या ४०० मिग्रॅचं रक्तातलं शिखर २० ते ४० मायक्रोग्रॅम असलं, तरी तेही तितकंच प्रथिनांना चिकटतं. लाळेत उतरतं ते मोकळ्या औषधातूनच.

एक बारकावा मात्र प्रकल्पात जरूर घ्या. ही औषधं सौम्य आम्लं आहेत आणि आयनरहित (विद्युतभार नसलेल्या) रूपातच जंतूच्या पटलातून सहज आत शिरतात. आयबुप्रोफेनचा पीकेए ४.५ धरला तर पीएच ६.८ ला जेमतेम अर्धा टक्का आयनरहित असतं, पीएच ५ ला सुमारे २४ टक्के. म्हणजे आम्ल झालेल्या प्लाकमध्ये (दातांवरच्या जंतूंच्या थरात) तेच औषध जास्त मारक ठरू शकतं. त्यासाठी ते तिथे पुरेसं पोचायला हवं, आणि गोळीने ते होत नाही.

चाचणीचा एक संच ४ टक्के अल्ब्युमिन घालून लावा. एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी सर्वात कमी मात्रा, वर सरकलेली दिसेल. हा एक आलेख दहा झोनच्या फोटोंपेक्षा जास्त सांगेल.

उत्तर ३ : हिरडीरक्षक

परिणाम होतो, पण तो जंतूंवर नव्हे, शरीराच्या प्रतिसादावर. ही औषधं सायक्लोऑक्सिजनेज हे विकर रोखतात, सूज वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ कमी होतं आणि दाताभोवतालच्या हाडाची झीज मंदावते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच गटातलं फ्लर्बिप्रोफेन ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा दिल्यावर ही झीज मंदावलेली दिसली. तरीही २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना हिरडीखालच्या सफाईला जोड म्हणून ही औषधं देऊ नका असंच सांगतात, कारण दीर्घकाळ घेतल्यावर पोट, मूत्रपिंड आणि हृदयाला होणारा धोका फायद्यापेक्षा मोठा आहे.

जंतूंवर आडवळणाने परिणाम होऊ शकतो. सुजलेल्या हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवातलं हीम आणि पेप्टाइड हे जिंजिव्हॅलिसचं खाद्य. सूज उतरली की पाझर घटतो. पण प्लाक जागेवरच राहतो, आणि औषध थांबलं की सूज परत येते.

तुमच्या प्रकल्पात रुग्णही असतील तर फक्त लाली आणि रक्तस्राव मोजू नका. वेदनाशामकाने लाली लपते आणि ॲस्पिरिनमुळे प्लेटलेट दबल्याने रक्त जास्त येतं, म्हणजे दोन्ही खुणा फसव्या. पॉकेटची (दात आणि हिरडीमधल्या खाचेची) खोली, हिरडीची सुटलेली पकड आणि एक्स-रे घ्या. हृदयरोग्याचं ॲस्पिरिन मोजमापासाठी बंद करायला सांगू नका.

हे फार कळकळीने सांगतो : दात ठणकला की मेडिकलमधून गोळी घ्यायची आणि ठणका थांबला की दात विसरायचा, इथेच घात होतो. मुळाच्या टोकाशी पू वाढतच असतो. जबड्याखाली सूज, तोंड न उघडणं, गिळताना त्रास आणि ताप दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक काहीच नको.

झोनमापक

धन्यवाद. मग थेट तोंडात वापरायच्या बेन्झिडामाइन या वेदनाशामकाच्या गुळण्यांचं काय?

उत्तर ४ : मात्रामापन

तिथे हिशेब उलटतो. ०.१५ टक्के म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, आणि तेही थेट श्लेष्मल त्वचेवर. बेन्झिडामाइन आम्ल नसून सौम्य आम्लारी आहे आणि पटलावरच काम करतं. नळीत त्याचा परिणाम जंतूंवर दिसतो, कँडिडा या बुरशीवरही. मात्रा १५ मिली, ३० सेकंद, मग थुंकायचं. झोंबलं तर तेवढंच पाणी मिसळा. तरी हे दुखऱ्या तोंडाचं औषध आहे, प्लाकचं नाही. प्लाकसाठी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक गुळण्या १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, आणि पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास थांबून, कारण पेस्टमधलं फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट क्लोरहेक्सिडिनला निष्प्रभ करतं.

ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाताशेजारी गालात दाबून ठेवणं हा मात्र स्थानिक उपचार नव्हे. तिथली त्वचा आम्लाने भाजते, पांढरी पडून सोलते, आणि दात तसाच ठणकतो.