सारंगखेड्याहून घोडी आणायची आहे, पिकअपच्या मागे लक्ष कसं ठेवायचं? (बजेट ४ हजार)

महालचा_खरारा | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महालात आमचा वरातीच्या घोड्यांचा घरचा धंदा आहे. दोन घोड्या, एक बग्गी, घोड्यांची निगा राखणारा एक सईस आणि हिशेब बघणारा मी. यंदा दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून तिसरी घोडी घ्यायची असं बाबांनी ठरवलंय. अमरावती, अकोला, जळगाव, धुळे असं धरलं तर साडेपाचशे किलोमीटरच्या वर जातं.

मागच्या वेळी भाड्याची गाडी केली होती. नागपूरच्या वेशीवर वाडीला फाळका उघडला तर घोडीचे दोन्ही गुडघे सोललेले, उजव्या डोळ्यावरची कातडी निघालेली, शेपटीचं मूळ घासून लाल. कुठे पडली, किती वेळ पडून होती, कोणालाच पत्ता नाही. ड्रायव्हर म्हणतो, "आवाज आला होता, मला वाटलं टापा मारून राहिली." लग्नसराईचे पहिले तीन मुहूर्त हातचे गेले. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या घोडीवर नवरदेव कोण बसवणार?

या वेळी आतेभावाची पिकअप आहे, हौदा नऊ बाय साडेपाच फूट. केबिनमध्ये बसून मागचं दिसावं एवढंच हवंय. घोड्यांच्या ट्रेलरसाठी मिळतात ते तयार परदेशी कॅमेरे पाहिले आणि किंमत बघून मोबाईल उलटा ठेवला. चार हजारांत काही जमेल का?

झिरोमाईल | रात्री ९:५८

जीपीएस ट्रॅकर घ्या. दीड-दोन हजारांत येतो.

महालचा_खरारा | रात्री १०:०३

गाडी कुठे आहे ते मला माहीत असेल, मी गाडीतच बसणार आहे. 🙂

बर्डीचा_पाना | रात्री १०:३१

रिव्हर्स कॅमेरा लावा, वायरवाला. वायरलेसच्या नादी लागू नका. लोखंडी हौदा, मध्ये केबिनचा पत्रा, चित्र अडकत येतं. कॅमेरा आणि सात इंची स्क्रीन बर्डीवर मोदी नंबर दोन-तीनच्या गल्लीत फिरलात तर अडीच हजारांच्या आसपास बसेल. मी दोन शाळेच्या व्हॅनला लावून दिलेत.

घेताना व्होल्टेज विचारा. पिकअपला १२ चालतं, मोठ्या ट्रकला २४ लागतं. दुकानदार सवयीने कनेक्शन रिव्हर्सच्या दिव्यावरून काढतो, म्हणजे गाडी मागे घेतानाच चित्र दिसणार. त्याला सांगा की चावी फिरवली की चालू राहिला पाहिजे, आणि मध्ये फ्यूज टाका. मागे सुकं गवत असणार, तिथे उघडी वायर नको.

आणखी एक. या कॅमेऱ्यात चित्र आरशासारखं उलटं येतं आणि वर पार्किंगच्या लाल-पिवळ्या रेषा असतात. बऱ्याच मॉडेलांना त्यासाठी वायरीचे दोन छोटे फास दिलेले असतात, ते कापले की रेषाही जातात आणि चित्रही सरळ होतं. नाहीतर घोडी डावीकडे कलली की तुम्ही उजवीकडे बघत बसाल. इन्फ्रारेडवाला घेतलात तर रात्री काळं-पांढरं दिसेल, तेवढं पुरतं.

रातराणी_४४ | रात्री ११:१२

पैसे खर्च करायच्या आधी घरातला जुना अँड्रॉइड काढा. त्यात आयपी वेबकॅम ॲप टाका. केबिनमधल्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून जुना फोन त्याला जोडा. ॲप एक पत्ता दाखवतं, तो केबिनमधल्या दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला की चित्र येतं. हे सगळं गाडीतल्या गाडीत चालतं, नेट खर्च होत नाही. कोंढाळीच्या पुढे रेंज गेली तरी फरक पडत नाही.

घरी बसलेल्या बाबांना दाखवायचं असेल तर मात्र डेटा लागेल. एक एमबीपीएसने तासाला साधारण ४५० एमबी. दिवसाचा दीड जीबीचा पॅक अकोल्याच्या अलीकडेच संपेल.

तोटेही सांगते. ताडपत्रीखाली दुपारी फोन तापून बंद पडतो आणि अंधारात आंधळा होतो. आम्ही बकऱ्या नेताना वापरला होता, बकऱ्यांना पुरला.

काटोलचा_तोबरा | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

भाऊ, कॅमेरा लाव, नाही कोण म्हणते. पण तुले दिसन काय? घोडी उभी हाय का पडली, येवढंच. बाकीचं हातानंच पाहा लागते. माह्या बापानं जनावरं नेली, मी नेऊन राह्यलो, म्हणून सांगतो.

पयली गोष्ट दोरी. लोकं घोडीचं तोंड वर करून आखूड बांधतात, का तर चावू नये. घोड्याच्या नाकातला, नरड्यातला कचरा मान खाली घातल्यावरच बाहेर येते. पंधरा तास मान वर ठेवली का ते सगळं खाली फुफ्फुसात उतरते, आन् दोन-तीन दिवसांनी ताप, खोकला. डॉक्टर लोकं त्याले शिपिंग फीवर म्हणतात. नाक छातीच्या खाली जाईन येवढी दोरी सोड, पण पाय अडकन येवढी नोको. गाठ अशी मार का एका झटक्यात सुटली पाह्यजे. चालत्या गाडीत तोबरा (तोंडाले बांधाची दाण्याची पिशवी) बांधू नोको, धूळ सरळ नाकात जाते. गवत ओलं करून खाली टाक.

दुसरी, पाणी. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत उभी कर, इंजिन बंद कर आन् बादली दाखव. परक्या पाण्याले घोडी नाक लावून मागं सरते. बाजारात ज्याच्याकडून घेशीन त्याच्याच घरचं पाणी दोन कॅन भरून घे. घोडी दिवसाले पंचवीस-तीस लिटर पेते, कमी पेली आन् सुकं खात राह्यली का लीद आतच घट्ट होते, पोटशूळ उठते. घोड्याले ओकारी होत नाही, पोटातलं वर येतच नाही, म्हणून हे लय वाईट. थांबलं का लीद पाह्य: किती वेळा टाकली, सुकी हाय का. पोटाले कान लाव, गुडगुड ऐकू आली पाह्यजे. हिरडीवर बोट दाबून सोड, दोन सेकंदात रंग परत आला पाह्यजे.

कॅमेऱ्यात घोडी वळून वळून पोटाकडं पाहून राह्यली, पायानं खरडून राह्यली, तर पुढच्या ढाब्याची वाट पाहू नोको.

आन् शांत राहावी म्हणून स्वतःच्या मनानं इंजेक्शन देऊ नोको. गुंगीत तोल जाते, तेच तर आपल्याले नोको आहे.

नियमपुस्तक | सकाळी ८:०५

वरच्या दादांना पूर्ण अनुमोदन. कागदाचंही बघा. प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत घोड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे: पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र, गाडीत एक माणूस, एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नकोत, तळ घसरू नये अशी व्यवस्था, जनावरांच्या मध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचे बांबू, समोरून येणाऱ्या वाहनांना बिचकू नये म्हणून तोंडं डावीकडे, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नको. मोटार वाहन नियमांत २०१६ पासून घोड्यामागे २.२५ चौरस मीटर जागा धरतात. तुमचा हौदा ४.६ चौरस मीटर होतो, म्हणजे एक आरामात, दोन कागदावर.

झिरोमाईल | सकाळी ८:४०

३५ ने?? सोळा तास लागतील. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून घोडीला वेडं करतील.

काटोलचा_तोबरा | सकाळी ९:०२

साडेपाच फुटांच्या हौद्यात घोडी डावीकडं तोंड करून आडवी मावतच नाही, हे नियम लिहिणाऱ्यानं पाह्यलंच नसन. पिकअपमध्ये लांबीतच उभी राहीन. पण हळू चाल, ते बरोबर हाय. घोडी ब्रेकनं पडते, वेगानं नाही. एकटी हाय तर दोन्ही बाजूनं बांबू बांध, पाय फाकवून उभी राहीन येवढी जागा ठेवून. आन् एका दमात येऊ नोको, मधात रात्रीचा मुक्काम कर. सईसाले केबिनमध्येच बसव, मागं तिच्या पायात नोको.

सेमिनरीहिल्स_१ | सकाळी १०:१५

दोन गोष्टी. आल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. साधा डिजिटल थर्मामीटर, व्हॅसलीन लावून, गुदद्वारातून, बाजूला उभं राहून (मागे नाही!). ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट ठीक. त्यावर गेला की पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करा, खोकल्याची वाट बघू नका. दुसरं, घेण्याआधी ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मागा. तो आजार माणसालाही होतो, आणि तुमच्या घरी आधीच दोन घोड्या आहेत. नवीला काही दिवस वेगळी बांधा, बादलीही वेगळी.

महालचा_खरारा | १० डिसेंबर, दुपारी ४:१०

आलो. उशिरा लिहितोय, माफी.

बर्डीवाल्या दादांचा सेट २,६०० ला पडला, बसवायचे ४०० वेगळे. कॅमेरा केबिनच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात, खाली तोंड करून लावला, म्हणजे कान आणि पुढचे पाय एकाच चित्रात. तळाला काथ्याची चटई, वर भुसा. स्क्रीन सईसाच्या समोर ठेवली, आतेभावाला रस्त्याकडे बघ म्हटलं. तरी तो दर दोन मिनिटांनी "काय करून राहिली?" विचारायचाच.

मलकापूरच्या अलीकडे सईस ओरडला, थांबव. घोडी पुढचा डावा पाय उचलून उभी होती, टेकवतच नव्हती. उतरून बघितलं तर दोरीचं सुटं टोक पायाभोवती फिरलेलं. अजून एक ब्रेक लागला असता तर मागच्या वर्षीचीच गोष्ट. दोन मिनिटांत सोडवलं. रात्री खामगावला मावशीकडे मुक्काम, घोडी अंगणात, आम्ही ओट्यावर.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी ताप १००.८. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १०२.८. खात होती, खोकला नाही, बघून काहीच कळलं नसतं. रात्रीच डॉक्टरांना बोलावलं, औषध सुरू झालं, आज चौथ्या दिवशी १००.६ आहे. थर्मामीटर दीडशेचा.

नाव अजून ठरलं नाही, बाबा चांदणी म्हणतात, सईस राणी म्हणतो.

सेट काढून ठेवलाय. कोणाला बाजाराला जायचं असेल तर महालात येऊन घेऊन जा, परत आणून दिला म्हणजे झालं. वायर तेवढी नवी घ्या, शेवटच्या टप्प्यात तिने चावून ठेवली.