स्नीकी पीटची गादी रिकामी का राहिली?

तिसरी तार
कंट्री रॉकचा विषय निघाला की गाडी ईगल्सवर येऊन थांबते, फार तर ग्रॅम पार्सन्सपर्यंत जाते. पार्सन्सच्याच फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडच्या 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' या रेकॉर्डचा (1969) पोत ज्यानं ठरवला, त्या स्नीकी पीट क्लायनोचं नाव कोणी घेत नाही. एरवी लीड गिटारची असते ती जागा तिथे त्याच्या पेडल स्टीलनं (आडवी ठेवलेली, पेडल आणि गुडघ्याच्या लिव्हरनं तारांचे सूर बदलणारी गिटार) भरली आहे, तीही फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून आणि स्टीलचे थरावर थर चढवून.

माझं म्हणणं असं, की त्याची परंपरा चालली नाही याला त्याचं वाद्य जबाबदार आहे. कंट्री संगीताचं केंद्र असलेलं नॅशव्हिल बसलं होतं दहा तारांच्या ई नाइन्थ ट्यूनिंगवर, म्हणजे उघड्या तारा त्या कॉर्डच्या सुरांत लावायच्या. पीट वाजवायचा फेंडरचं आठ तारांचं, केबलनं तारा ओढणारं स्टील, बी सिक्स्थमध्ये लावलेलं. त्याची फिरत ऐकून ई नाइन्थवर शोधायला बसलात तर हाताखाली काही सापडत नाही.

लेस्लीभक्त
अजिबात पटलं नाही. वेगळं वाद्य घेणं सोपं असतं. नॅशव्हिलचंच वाद्य घेऊन ते ओळखू येणार नाही असं वाजवणं अवघड. ते पोको बँडच्या रस्टी यंगनं केलं. 1970 च्या 'पोको' रेकॉर्डवरचा लांबलचक जॅम ऐका, हॅमंड ऑर्गन चाललाय असंच वाटेल. तो स्टील लेस्लीतून, म्हणजे ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढायचा.

हे जमवायचं असेल तर नुसती लेस्ली पुरत नाही, आघात लपवावा लागतो. पायानं आवाज कमी-जास्त करायचं व्हॉल्यूम पेडल बंद ठेवून 8, 6 आणि 5 नंबरच्या तीन तारा एकदम छेडायच्या आणि मग पाय दाबत आवाज वर आणायचा. छेडल्याचा 'टक्' ऐकू आला की ऑर्गनचं सोंग फुटलं. दुसरी चूक म्हणजे स्टीलची वायर थेट जुन्या 122 किंवा 147 मॉडेलच्या लेस्लीत खुपसणं. तिला ऑर्गनच्या ताकदीचा सिग्नल लागतो, मध्ये सिग्नल वाढवणारा प्रीअँप नसेल तर आवाज मेलेला येतो.

आणि नशीब बघा, पोकोचे दोन बेसवाले, रँडी माइझ्नर आणि टिमथी श्मिट, एकामागोमाग ईगल्समध्ये गेले. नाव झालं ईगल्सचं.

गुडघेदुखी
@तिसरी तार, बी सिक्स्थ ई नाइन्थवर सापडत नाही हे चूक आहे. मोजून बघा. ई नाइन्थच्या तारा पलीकडून अलीकडे अशा: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. ज्या गुडघ्याच्या लिव्हरनं 4 आणि 8 नंबरचे ई अर्धा स्वर उतरतात, तो दाबून धरा. उरलं काय? बी, डी शार्प, एफ शार्प, जी शार्प. हाच बी सिक्स्थ. फक्त 9 नंबरची डी सोडून द्यायची, ती मध्ये कडमडते. बारा तारांचं युनिव्हर्सल ट्यूनिंग याच युक्तीवर उभं आहे.

म्हणजे सूर सगळे आहेत. अडचण ट्यूनिंगची नाही, फझची आहे. दोन सूर एकत्र फझमध्ये गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे सूरही उमटतात. षड्ज-पंचम चालून जातो, षड्ज-गंधार गुरगुरतो. म्हणून फझवर एकेरी तार वाजवायची आणि जोडस्वर हवे असतील तर वेगवेगळे ट्रॅक घ्यायचे. पीटनं थर का चढवले याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

तिसरी तार
सूर आहेत हे मान्य, पण पूर्ण गाणंभर तो लिव्हर धरून बसणार का? गुडघा जरा ढिला पडला की दोन्ही डी शार्प चढतात आणि कॉर्ड तिथेच विस्कटते. शिवाय 2 नंबरची मूळ डी शार्प आणि 4 नंबरची उतरवलेली डी शार्प तंतोतंत जुळायला हव्यात. साध्या आवाजात दोन-तीन सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक खपून जातो, फझमध्ये त्याची घरघर होते. पीटला ही कसरत नव्हती, त्याची कॉर्ड उघड्या तारांवरच तयार असायची. वाद्यानं फरक पडतो म्हणतो तो असा.

सावकाश
तुम्ही दोघं यंत्राच्या मागे लागलात. या वाद्याची गंमत कुठे आहे ते तरी सांगा नव्या वाचकाला. जुन्या हिंदी गाण्यांत हजारा सिंग यांची हवाईयन गिटार ऐकली असेल. तिथे तारांवर टेकवलेला बार सरकला की त्याखालच्या सगळ्या तारा बरोबर सरकतात. पेडल स्टीलवर बार जागच्या जागी राहतो आणि एकच स्वर मींड घेतो. तिसऱ्या पट्टीवर जी मेजर धरा, ए आणि बी पेडल दाबा, बार न हलवता सी मेजर होतो: बी तारा पूर्ण स्वर चढतात, जी शार्प अर्धा, ई तिथेच. पेडल सावकाश सोडलं तर तो उतार ऐकत राहावासा वाटतो.

हे फझ नाही, लेस्ली नाही, नुसतं नागडं ऐकायचं तर गायक मायकेल नेस्मिथबरोबरचा स्टीलवादक रेड ऱ्होड्स ऐका. 1972 च्या 'अँड द हिट्स जस्ट कीप ऑन कमिन'वर दोघंच आहेत, ड्रम नाही, बेस नाही. स्टीलला लपायला जागाच नाही. माझ्या मते दुर्लक्षितांत पहिला नंबर त्याचा.

लेस्लीभक्त
ऱ्होड्सबद्दल वाद नाही. पण पीटला 'दुर्लक्षित' म्हणणं जरा जास्तच होतंय. जोनी मिचेलच्या 'ब्लू'वर (1971) तो आहे, लेननच्या 'माइंड गेम्स'वर (1973) आहे. मोठ्या लोकांना तो माहीत होता. शिष्य मिळाले नाहीत, कारण बराच काळ तो ॲनिमेशन आणि स्पेशल इफेक्ट्सच्या कामात होता. बडी केज बघा, जेरी गार्सियानंतर न्यू रायडर्स बँडच्या स्टीलवर बसला आणि डिलनच्या 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'वरही वाजला. त्याच्या नावाचं तरी घराणं कुठे आहे? तिथे आठ तारा आणि केबलचं कारण चालणार नाही.

तिसरी तार
केजचा मुद्दा बिनतोड आहे, तेवढ्यापुरता मागे घेतो. पण केजचं वाजवणं उतरवून घेता येतं. पीटचं बसवून दाखवा एकदा.

गुडघेदुखी
बसतं. पण आधी फझ योग्य जागी लावा. बहुतेक जण व्हॉल्यूम पेडल आधी आणि फझ नंतर लावतात. त्यात पाय मागे घेतला की आवाज कमी न होता फझच साफ होतो आणि एका लांब सुरात तीन वेगळे पोत ऐकू येतात. पिकअपमधून थेट फझ, मग व्हॉल्यूम पेडल. पेडल अर्ध्यावर ठेवून सुरुवात, तार विझत जाईल तसा पाय पुढे. आणि 11 जाडीची (0.011 इंच) 3 नंबरची जी शार्प तार दोन-तीन जादा आणून ठेवा. तुमच्या नावाचीच तार आहे, बी पेडलवर सगळ्यात आधी तीच तुटते.